जसं आहे तसं

रावपुऱ्यात, कीर्तिभाईंच्या छापखान्यात
मी लग्नपत्रिका लावते. पगार थोडा, चहा भरपूर.
मागच्या महिन्यात पायथन शिकले, पत्ते छापायला,
आणि पहिल्याच दिवशी
D:\tambe\nimantran
ह्या सरळ रस्त्याचे पडद्यानं असे तुकडे केले:

D:      ambe
imantran

तांब्यांचा टी गेला, निमंत्रणाचा एन.
उलट्या तिरक्या रेघेनं दोघांना बोटाशी धरून नेलं,
एकाची मोकळी जागा केली, दुसऱ्याची नवी ओळ.
“चालशे, चालशे,” कीर्तिभाई म्हणाले,
सेव-उसळीचा हात रद्दीला पुसत.
चालणार नव्हतं.

अवतरणाच्या दाराशी मी एक r उभा केला.
रॉ, म्हणजे कच्चं. शिजवू नकोस,
दिलंय तसं वाच.
रस्ता गुमान जागेवर आला.

गुप्तेकाका मागे उभे होते.
चाळीस वर्षं खिळे जुळवले त्यांनी,
आता फक्त चारच्या चहाला येतात.
खिशात तपकिरीची डबी. तपकीर कधीच सुटली,
डबीत शिशाचे पाच तुकडे, अक्षर नसलेले.
“ही आमची मोकळी जागा,” म्हणाले,
“दोन शब्दांमधली. उचलावी लागायची,
बोटं काळी व्हायची रिकाम्यानंसुद्धा.
ओळ संपली की पट्टी, तीही शिशाची.
तुमची कुठे असते गं?”

दाखवते म्हटलं.
तांब्यांच्या पत्रिकेचा मजकूर उचलला,
प्रिंटच्या आत रेप्रच्या हवाली केला,
आणि सगळं उघड्यावर आलं:
एंटर मारला तिथे \n, टॅब मारला तिथे \t,
‘वऱ्हाडा’तल्या अर्ध्या र ला चिकटून बसलेला
\u200d, ज्याचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.
काकांनी चष्मा कपाळावर नेला.
“हे तर पोटातलं ओठांवर आणतंय.”

मग खाली, निमंत्रकांच्या नावांत, हे:

'श्री. अच्युत तांबे\n                 \nश्री. निरंजन तांबे\n'

मधली ओळ रिकामी नव्हती.
रिकामी असती तर दोन एंटर एकमेकांना टेकून उभे असते.
कुणीतरी नाव पुसलं होतं,
आणि मग त्याच्या लांबीएवढा स्पेसबार दाबत बसलं होतं.
मोजले. सतरा.
सतरा घरांत कोण मावतं?
काका बोटांवर मोजू लागले,
“सौ. धरलं तर…” आणि थांबले.
बडोद्यातले तांबे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक.

एक स्ट्रिप लावली असती
तर सतराच्या सतरा झाडून निघाले असते, आवाज न करता.
“खाली लाइन कापी नाखो ने, बेन,”
कीर्तिभाई गल्ल्यावरून. कागद वाचतो, खरं आहे.
काका बोलले नाहीत.
डबीतला एक तुकडा काढून
त्यांनी माझ्या स्पेसबारवर ठेवला.
मला वाटलं कर्सर धावत सुटेल.
धावला नाही. तेवढं वजन नव्हतं त्याला.

तीनशे पत्रिका, ती ओळ ठेवून.

शनिवारी अच्युतराव स्वतः आले.
हळदीच्या रंगावरून कुरकुर केली,
घासाघीस करून शंभर कमी दिले.
वरची एक उचलली, चष्म्याशिवाय, लांब धरून वाचली.
अंगठा दोन नावांच्या मधे येऊन टेकला.
“इथे,” म्हणाले,
आणि मी वाट पाहिली
पुढच्या अक्षराची.

मग त्यांनी पिशवी मागितली.
कागदाची नको म्हणाले,
ओझ्यानं फाटते.